कापडी बाहुली आणि मी

चौतिसावा आठवडा. आज परळला स्तनपानाच्या वर्गाला गेले होते. सिस्टरांनी हातात कापडी बाहुली दिली आणि म्हणाल्या, "धर." मी धरली, तर तिची मान एकीकडे आणि पोट दुसरीकडे! त्यांनी बाहुलीचं पोट माझ्या पोटाला टेकवलं. बाळाने नुसतं टोक नाही, भोवतीचा काळसर भागही तोंडात घ्यायला हवा, हनुवटी स्तनाला टेकायला हवी. दुखत राहिलं तर करंगळीने पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं. हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं मला.

पहिल्या तासातच पाजायला घ्यायचं. पहिल्या दिवशी चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, एका वेळी चमचा-दोन चमचेच येतो, बाळाला तेवढा पुरतो. मग दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा.

दादरहून लोकलमध्ये बसल्यावर आजीला फोन केला. "आमच्यात पहिलं दूध पिळून टाकायचे गं. मध चाटवायचे." थोडं थांबून म्हणाली, "तू नको टाकूस." घशात आवंढाच आला. सायनच्या टिळक रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे, तिथे आयांनी दान केलेल्या दुधाचा थेंबन् थेंब जपतात, हे सांगितलं तिला. ऐकत राहिली.

अळीव आईने आणून ठेवलेत. बाहुलीऐवजी उशी घेऊन बसलेय आता, डावा हात अजून अवघडतोय.