जुनं, अँटिक की नवीन?

आज दिवसभर फर्निचर बघत फिरलो आणि डोकं पार भणभणलंय. जरा पॉलिश उडालेलं काहीही दिसलं की लगेच अँटिक म्हणतात राव, खरं तर साधारण १०० वर्षांच्या पुढचं असेल तरच अँटिक, त्याच्या अलीकडचं ते व्हिंटेज. मी आपला आधी ड्रॉवर बाहेर ओढून कोपरे बघतो, हाताने केलेला डव्हटेल सांधा (दोन फळ्यांचे दात एकमेकांत अडकवून केलेला जोड) असेल तर दात थोडे कमीजास्त असतात, सगळे अगदी एकसारखे दिसले की बहुतेक मशीनचं काम. मग लाकडाला बारीक भोकं आहेत का आणि त्यातून ताजा भुसा पडतोय का ते, पडत असेल तर किडा अजून आत आहे, कितीही सुंदर असू दे, घरात आणायचं नाही.

एक वाकवलेल्या लाकडाची खुर्ची मात्र मनात बसलीय, थोनेट या फर्निचर कंपनीच्या १४ नंबरच्या घाटाची. डिझाइन १८५९ चं, लाकडाचे फक्त ६ तुकडे, आणि आजही कुठल्याही टेबलाशेजारी शोभते (बायकोला पटलेलं नाही, बघू).

पलंग आणि सोफा नवीनच घेणार, जुन्या पलंगात आजच्या मापाची गादी बसेलच असं नाही आणि जुन्या सोफ्यातला फोम कधीकधी भुगा व्हायला लागलेला असतो. नव्यात पण पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा चिकटवून, दाबून केलेला) नकोच, पाणी लागलं की फुगतो आणि स्क्रू एकदा सैल झाला की परत नीट धरत नाही. उद्या जिना आणि दार मोजतो, ते मोठं कपाट वर चढेल का हे कोणीच सांगेना.