तुम्ही विचारलेत म्हणून: भाकरी असताना कच्ची केळी कशासाठी?

आमच्या मुलीला सीलिॲक आजार (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो) असल्यामुळे तिला गहू पूर्ण वर्ज्य आहे, हे कळल्यावर बहुतेक जण विचारतात, की ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत मुळात ग्लुटेन नसताना तुम्ही कच्च्या केळ्यांच्या मागे का लागता? प्रश्न रास्त आहे. मराठी घराला ग्लुटेनविरहित जेवणासाठी महागड्या पाकिटांची गरज नाही, आणि भाकरी आमच्याकडेही होतेच.

अडचण येते ती गिरणीत. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू ज्या दगडांमधून दळून निघाले, त्यांतच आपली ज्वारी पडते आणि मागे राहिलेले गव्हाचे पीठ तिच्याबरोबर डब्यात येते. ग्लुटेनविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावे, असा आपल्याकडचा नियम आहे. त्या हिशेबाने किलोभर पिठात गव्हाच्या पिठाची एक चिमूटही पुष्कळ झाली. घरघंटी हा त्यावरचा उपाय आहे, पण ती प्रत्येकाला परवडते असे नाही. केळे मात्र सालीसकट घरात येते आणि दळणाशिवाय त्याचा गोळा होतो.

हिरवीगार, टणक केळी घ्यावीत, कारण पिकू लागताच त्यांतल्या स्टार्चची साखर होते आणि थालीपीठ गोडसर व चिकट होते. हाताला तेल लावून देठ कापावेत, नाहीतर चीक बोटांना चिकटतो आणि कपड्यावर पडलेला त्याचा डाग धुऊनही जात नाही. सालीसकट दोन तुकडे करून कुकरमध्ये एक-दोन शिट्ट्या द्याव्यात आणि सोसवेल इतके गरम असतानाच सोलून किसावे. गार झालेले केळे घट्ट होते आणि मग त्यात गुठळ्या राहतात. त्यात आले-मिरचीचे वाटण, जिरे, कोथिंबीर, मीठ आणि मावेल तेवढे घरी दळलेले राजगिऱ्याचे किंवा तांदळाचे पीठ घालून, ओल्या फडक्यावर किंवा केळीच्या पानावर थापून, तव्यावर मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी खमंग भाजावे. ग्लुटेनचा ताण नसल्यामुळे हा गोळा पोळीसारखा लाटायला जाल तर कडा फाटतील, म्हणून थापणेच बरे.

काप करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की नेहमीचा रवा हा गव्हाचाच असतो. कोकणातली राजेळी केळी मिळाली तर तिखट, हळद, मीठ आणि आमसुलाचे पाणी लावून तांदळाच्या पिठात घोळवलेले काप रव्याच्या कापांइतकेच कुरकुरीत होतात (मला तर जास्तच आवडतात). हिंगाच्या डबीमागचा मजकूरही वाचून घ्यावा, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि सगळे पथ्य सांभाळून शेवटी फोडणीतून गहू पोटात जातो.

केळ्याचे पीठही घरी होते. सोललेल्या केळ्यांच्या पातळ चकत्या ताकाच्या पाण्यात टाकून, निथळून, कडक उन्हात कटकन मोडेपर्यंत वाळवायच्या आणि मिक्सरमध्ये दळून चाळायच्या. किलोभर केळ्यांचे पीठ पाव किलोही भरत नाही, त्यामुळे ते रोजच्या भाकरीला न वापरता मी धिरड्यांत आणि कोफ्ते बांधायला वापरते.

कच्च्या केळ्यात बहुतांशी स्टार्चच असतो, प्रथिने फारच थोडी. म्हणून त्याच्याबरोबर उसळ, दही किंवा अंडे असावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी त्यातल्या पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच खावे. आणि सीलिॲक आजाराची नुसती शंका असेल, तर रक्ततपासणी होईपर्यंत गहू बंद करू नये, कारण तो आधीच सोडला तर तपासणीत आजार दिसत नाही असे होऊ शकते.