आमची वाटचाल : ऑफसेट कोणी द्यायचा?

भोसरीत सीएनसी टर्निंगचं (संगणकाने चालणाऱ्या लेथवरचं) जॉबवर्क करणारी आमच्यासारखी शॉप्स बहुतेक एकाच वाटेने उभी राहिली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-चिंचवडला मोठे कारखाने वाढले, आणि तिथल्या टूलरूममध्ये हात बसलेल्या माणसांनी पुढे स्वतःचे गाळे घेतले. त्यामुळे इथल्या मालकाला ड्रॉइंग वाचता येतं, मशीनच्या आवाजावरून इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेलेला कळतो. माणसांची घडी कशी बसवायची, हे मात्र त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

सात-आठ माणसं असेपर्यंत त्याने अडतही नाही. दहा झाली की ईएसआय (कामगार विमा) लागतो, वीस झाली की पीएफ. कायद्याची घडी अशी बाहेरून बसते. आतली तशीच राहते. पंचवीस माणसं झाली तरी साइज सरकला की सगळे मालकाकडे किंवा मशीन जुळवून देणाऱ्या सेटरकडेच बघतात. तो दुसऱ्या मशीनवर अडकलेला असेल तर ऑपरेटर एक तर मशीन थांबवून उभा राहतो, नाही तर खराब पीस काढत राहतो. म्हणून कुणाच्या हाताखाली कोण, याचा तक्ता आम्ही नंतर काढला. आधी एवढंच ठरवलं की ऑफसेट, म्हणजे साइज परत जागेवर आणायला मशीनमध्ये टाकायची दुरुस्ती, कोणी द्यायचा.

उदाहरण २५ मिमी शाफ्टचं घेऊ, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एच-सात, म्हणजे २५.००० ते २४.९७९. एकवीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हा पट्टा आम्ही रंगांत वाटला. मधला अर्धा, २४.९८५ ते २४.९९४, हिरवा. दोन्ही बाजूंचा उरलेला भाग पिवळा. त्याबाहेर लाल. सेटिंगनंतर सलग पाच पीस हिरव्यात आल्याशिवाय मशीन ऑपरेटरच्या ताब्यात द्यायचं नाही. पुढे दर अर्ध्या तासाला मोजायचं. पहिला पीस हिरव्यात असेल तर काहीही करायचं नाही. पिवळ्यात असेल तर लगेच पुढचा मोजायचा. तो हिरवा आला तर चालू द्यायचं. दोन्ही एकाच बाजूला पिवळे आले तर ऑफसेट ऑपरेटरनेच द्यायचा, कुणाला विचारायचं नाही. एक वरच्या पिवळ्यात आणि एक खालच्या पिवळ्यात आला तर ऑफसेटने काहीच सुधारणार नाही. तिथे पकड ढिली आहे, जॉ (पीस धरणारा जबडा) खाल्ला गेलाय किंवा इन्सर्ट सीटवर हलतोय. थांबायचं आणि सेटरला बोलवायचं. लाल दिसला तर मशीन बंद, आणि मागच्या ओके तपासणीनंतरचे सगळे पीस वेगळे काढायचे.

‘काहीही करायचं नाही’ हे शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. चांगल्या ऑपरेटरलाच हात आवरत नाही. प्रत्येक पीसमागे दोन-दोन मायक्रॉन फिरवत बसलं की फरक कमी न होता वाढतो, कारण तो मशीनच्या नैसर्गिक चढउताराच्या मागे धावत असतो. सकाळी थंड मशीनवर तर हमखास. म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटं स्पिंडल आणि स्लाइड रिकामे फिरवून मगच पहिला पीस.

ऑफसेट देताना होणारी चूकही ठरलेली आहे. इन्सर्ट झिजला की बाहेरचा व्यास वाढतो. रीडिंग २४.९९७ आलं, तर कंट्रोलच्या स्क्रीनवर वेअरच्या (झिजेच्या) पानावर एक्समध्ये, म्हणजे व्यासाच्या रकान्यात, उणे ०.००७ टाकून ‘प्लस इनपुट’ दाबायचं, म्हणजे साइज २४.९९० वर येतो. नुसतं ‘इनपुट’ दाबलं की आधीचा साठलेला आकडा पुसला जातो आणि पुढचा पीस थेट लाल. म्हणून अधिकार देताना दोन बंधनं घातली: जॉमेट्रीच्या (टूलच्या मूळ मापांच्या) पानाला ऑपरेटरने हात लावायचा नाही, आणि वेअरला एका वेळी किती आकडा टाकता येईल याची मर्यादा कंट्रोलमध्येच बांधून ठेवायची. आधी ही मर्यादा, मग मोकळीक. हा क्रम उलटा केला तर टूलच्या पहिल्या टक्करीनंतर सगळे अधिकार पुन्हा मालकाकडे येतात.

यात सगळ्यात जास्त दुखावतो तो जुना सेटर. सॉफ्ट जॉ कितीला बोअर केले, जॉचा दाब किती, टूल किती बाहेर काढलं, हे सगळं त्याच्या खिशातल्या डायरीत असतं, आणि त्याचा मान त्या डायरीवरच उभा असतो. डायरी मागितली तर तो देत नाही, आणि ते बरोबरच आहे. आम्ही सेटिंग शीट त्याच्याचकडून लिहून घेतली, त्यावर त्याचं नाव घातलं, आणि त्याचा पगार त्याने किती जणांना तयार केलं याला जोडला. लातूर-नांदेडची पोरं आणि बिहार-उत्तर प्रदेशची पोरं शेजारी-शेजारी उभी असतात; शीटवर आकडे आणि देवनागरीतले सोपे शब्द ठेवले की एकच कागद दोघांना पुरतो.

शीटच्या शेजारी कौशल्याचा तक्ता. प्रत्येक नावापुढे वर्तुळ: पाव भरलं म्हणजे शिकतोय, अर्धं म्हणजे देखरेखीखाली, पाऊण म्हणजे एकटा चालवतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. प्रत्येक मशीनला किमान दोन पाऊण वर्तुळं हवीत. नसतील तर गणपतीत, दिवाळीत किंवा छठला सुट्टी कुणाला द्यायची याचा वाद दरवर्षी ठरलेला.

रिजेक्शनबद्दल आमचं मत पक्कं आहे. नगावर इन्सेंटिव्ह दिला की खराब नग चांगल्यात मिसळतात. खराब नगाचे पैसे कापले की ते किसाच्या (चिपच्या) ड्रममध्ये जातात. आम्ही इन्सेंटिव्ह गटाच्या पास झालेल्या मालावर ठेवला, आणि ज्याने स्वतःहून पीस लाल पेटीत टाकला त्याला त्या पीसबद्दल ओरडायचं नाही, असा नियम सुपरवायझरसाठी केला. सुरुवातीचे काही आठवडे लाल पेटी जास्त भरते. त्या वेळी मालकाच्या चेहऱ्यावर आठी दिसली की पेटी पुन्हा रिकामी होते, माल मात्र सुधारत नाही.

मालकाला स्वतःची एक सवय सोडावी लागते: कस्टमरचा फोन आला की थेट मशीनवर जाऊन चालू सेटिंग मोडायला लावणं. सेटिंग मोडून पुन्हा बसवण्यात दीड-दोन तास जातात, आणि सुपरवायझरचा शब्द त्याच दिवशी हलका होतो. आता तातडीचा जॉब बोर्डवर वेळेसह लिहिला जातो, आणि बदल शिफ्ट सुपरवायझरच सांगतो.

जुन्या रीती सगळ्या मोडायच्या नसतात. गुरुवारची सुट्टी, खंडेनवमीची पूजा तशीच आहे. फक्त हळदीकुंकू मायक्रोमीटरच्या पेटीवर वाहतो, मापाच्या तोंडांवर नाही. तिथे कुंकवाचा कण राहिला तरी दुसऱ्या दिवशीची मापं चुकतात.

तिसरी शिफ्ट अजून पूर्ण बसलेली नाही. रात्री इन्स्पेक्टर नसतो, त्यामुळे सेटिंगनंतरचे पाच पीस ऑपरेटर मोजतो आणि शेजारच्या मशीनचा ऑपरेटर पुन्हा मोजून सही करतो. ते पाचही पीस क्रमाने ट्रेमध्ये सकाळी सातपर्यंत ठेवलेले असतात. पहिल्या शिफ्टचा सेटर आधी ते मोजतो, मगच मशीन ताब्यात घेतो.