आज अकराजण नव्हते

नगर जिल्ह्यातलं आमचं गाव. दर रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात उपासनेला अकराजण, त्यातले नऊ सत्तरीपुढचे. तरुण सगळे पुण्याला, चाकणला. पाळकसाहेबांकडे चार गावं, त्यामुळे ते महिन्यातून एकदाच येतात.

मला वाटायचं, गिटार आणली, पडदा लावला की पोरं येतील. मावशी म्हणाली, "आधी पेटी दुरुस्त कर."

दोन महिने लागले. पेटीचा भाता शिवला, तबला मढवून आणला. शनिवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर भजन सुरू केलं. याच जिल्ह्यात नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताचे अभंग लिहिले, कीर्तनं केली. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, पण ओवी-अभंग त्यांनी सोडले नाहीत. आमच्या म्हाताऱ्यांना ते अभंग पाठ आहेत. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

आज देवळात सव्वीसजण होते! मावशीने टाळ धरला, चुलतभावाची नववीतली मुलगी पेटीवर. मधेच ती चुकली. मावशी थांबली, तिच्याकडे बघून तीच ओळ पुन्हा म्हणाली, आणि मग सगळ्यांनी उचलली. मला पुढचं गाता आलं नाही, गळा भरून आला.

ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्या दोन आज्यांकडे दुपारी आम्ही पेटी घेऊनच गेलो. एकीने विचारलं, "पुढच्या रविवारी येशील ना रे?"

येणार आजी. सहाची एसटी बघून ठेवलीय.