आईचा २०१४ चा लॅपटॉप आणि २६५० रुपये

आईचा लॅपटॉप २०१४ चा. चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. आई दहावीच्या मुलांना गणित शिकवते, इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरीच, आणि लॉकडाउनपासून बाहेरगावची पाच-सहा मुलं ऑनलाइन असतात. सहाचा क्लास असला की ती पावणेसहालाच बटण दाबून ठेवायची, मग देवापुढे दिवा लावायची, चहा टाकायची, आणि परत येऊन बघायची तर स्क्रीनवर तो गोल अजून फिरतोच आहे. एकदा मी घड्याळ लावून मोजलं, बटण दाबल्यापासून क्रोममध्ये क्लासची लिंक उघडेपर्यंत ६ मिनिटं ४० सेकंद.

मी तो घेऊन एका दुकानात गेलो, त्यांनी उघडूनही बघितला नाही. "भिया, इसमें कुछ नहीं रखा, नया ले लो", आणि ३८ हजारांचा एक समोर ठेवला. मला राग आला तो किमतीचा नाही, न बघता सांगितल्याचा आला. आईला करायचंय काय तर व्हिडिओ कॉल, प्रश्नपत्रिका टाइप करणं, पीडीएफ दाखवणं. एवढ्यासाठी आय-थ्री पुरेसा आहे हो. मग अडतंय कुठे ते आधी शोधायला नको का?

तर शोधलं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि लॅपटॉप अडकलेला असताना नुसतं बघत बसा, अर्धी उत्तरं तिथेच मिळतात. आमच्याकडे सीपीयू १५ टक्के, मेमरी ८० च्या आसपास आणि डिस्क १०० टक्के, पण डिस्कचा खरा वेग बघितला तर सेकंदाला १ एमबीसुद्धा नाही. १०० टक्के कामात आणि काम काहीच नाही, असं कसं, तर हे समजून घ्यायला थोडं गणित आहे आणि ते मला आईनेच कागदावर करून दाखवलं. लॅपटॉपची डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारते म्हणजे सेकंदाला ९०, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद, आणि सुई त्या पट्ट्यावर सरकायला आणखी दहा-बारा. म्हणजे एक तुकडा वाचायला १६-१७ मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ६० तुकडे. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या बारक्या फाइली इथून तिथून मागते, एकेक तुकडा ४ केबीचा धरला तर ६० गुणिले ४, सेकंदाला २४० केबी. बिचारी डिस्क पळतेय, पण तिचा सगळा वेळ जागा शोधण्यातच जातोय. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे तिथे हेच तुकडे सेकंदाला हजारोंनी वाचले जातात. नवीन प्रोसेसरपेक्षा जुन्या लॅपटॉपला एसएसडीचा फरक जास्त पडतो तो यामुळे.

आणि एक, जे मला आधी सुचलं नव्हतं. हळू झालेली डिस्क कधी कधी मरायला टेकलेली डिस्क असते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे तो चालवला, तर निळ्या 'गुड'च्या जागी पिवळं 'कॉशन' आलं, डिस्कवरच्या काही जागा (सेक्टर) पेंडिंग दाखवत होतं, म्हणजे तिथलं वाचताना डिस्क अडखळतेय. आईच्या आठ-नऊ वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्यावर, दुसरीकडे कुठेही कॉपी नाही. त्या दिवशी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी पेनड्राइव्हवर कॉपी केलं, रात्री दीडपर्यंत बसलो. तुम्हीही कृपया हे आधी करा, स्क्रू ड्रायव्हर नंतर.

कॉपी करताना फॉन्ट विसरू नका. हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. आईच्या हिंदीतल्या प्रश्नपत्रिका कृतीदेव नावाच्या फॉन्टमध्ये आहेत आणि मंडळाची मराठी पत्रं शिवाजी फॉन्टमध्ये, हे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, म्हणजे फाइलीत आतून इंग्रजी अक्षरंच असतात, त्यामुळे नवीन विंडोजमध्ये तो फॉन्ट नसला की अख्खी फाइल इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा होऊन उघडते आणि माणूस घाबरतो की फाइल गेली. सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरमध्ये फॉन्ट्स नावाचा फोल्डर असतो, त्यातून ते उचलून ठेवायचे.

हे सगळं २०२५ च्या मे महिन्यातलं, बाहेर ४२ डिग्री आणि लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा. २४० जीबीची साटा एसएसडी १५५० ला मिळाली, अडीच इंची. घेताना एवढंच बघायचं की तुमच्या लॅपटॉपमध्ये साटाची, म्हणजे जुनी हार्ड डिस्क जोडतात तीच, जागा आहे की छोट्या पट्टीसारख्या एम-डॉट-टूची. जुन्यांमध्ये बहुतेक साटाच असते. रॅमचा एक स्लॉट रिकामा होता, त्यात जुनी वापरलेली ४ जीबी ६०० मध्ये टाकली. रॅममध्ये मात्र गडबड होते, चौथ्या जनरेशनच्या या बारीक लॅपटॉपांना डीडीआर-३ एल लागते, १.३५ व्होल्टवाली, साधी १.५ व्होल्टची डीडीआर-३ तशीच दिसते, तशीच बसते आणि चालत नाही. स्टिकरवर पीसी-३ नंतर एल आहे का ते डोळ्याने बघून घ्या, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. थर्मल पेस्ट १५०, आणि ३५० ची कॅडी, तिच्याबद्दल पुढे सांगतो. एकूण २६५०. त्यानंतर मेमरीच्या चिप एआयच्या डेटा सेंटरकडे जायला लागल्या म्हणून रॅम आणि एसएसडी दोन्ही महाग झाल्या, तेव्हा हा आकडा तसाच्या तसा मिळणार नाही, पण कामाचा क्रम तोच.

उघडायचं आई जवळ बसली असताना ठरवलं. आधी बॅटरी काढली, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरलं. थर्माकोलच्या तुकड्यावर लॅपटॉपच्या पाठीचा चौकोन काढला आणि जो स्क्रू जिथून निघाला तो तिथेच खुपसून ठेवला, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बोर्डाला टोचू शकतो. मागचं झाकण जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने सोडवलं. आत पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे जे होतं ते बघून आम्ही दोघं गप्पच झालो. धूळ वाटत नव्हती ती, करड्या नमद्याची पट्टी होती, चिमट्याने धरली तर अख्खी एका तुकड्यात निघून आली, जाळीच्या रेषा तिच्यावर उमटलेल्या. अकरा वर्षं गरम हवा बाहेर जायला या पट्टीतून वाट काढत होती. पंखा साफ करताना पातं बोटाने धरून ठेवा, ब्रशने किंवा हवेने गरगर फिरू देऊ नका. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने टिश्यूवर पुसली आणि नवीन मुगाच्या दाण्याएवढी लावली, बास. जास्त लावून उपयोग नाही. प्रोसेसर तापला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो, त्यामुळे ही साफसफाईसुद्धा वेगाचंच काम आहे. आधी व्हिडिओ कॉलवर ८८-९० डिग्री जायचं, नंतर ६८-७०.

विंडोज मी क्लोन केलं नाही, म्हणजे जुन्या डिस्कवरून जसंच्या तसं उतरवलं नाही, कोरं टाकलं. खराब सेक्टरची डिस्क क्लोन करण्यात अर्थ नव्हता, आणि अकरा वर्षांचा कचरा नवीन घरात का न्यायचा. लायसन्सची काळजी नको, अ‍ॅक्टिव्हेट झालेलं विंडोज १० असेल तर ते मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, तीच आवृत्ती टाकून नेट जोडलं की आपोआप होतं. एवढंच की बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, साटाचा मोड एएचसीआय असू द्या. पहिल्यांदा बटण दाबून क्लासची लिंक उघडली तेव्हा ३८ सेकंद. आईने विश्वास बसेना म्हणून बंद करून परत लावायला सांगितलं.

जुन्या डिस्कचं काय, तर डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडी बसते, तिच्यात डिस्क राहते. जाडी ९.५ मिमी आणि १२.७ मिमी अशी दोन प्रकारची असते, आधी मोजा. पण आमची डिस्क पिवळी झालेली, तिच्यावर भरवसा नाही, म्हणून कॅडीत एका मित्राकडची चांगली डिस्क टाकली आणि जुनी कपाटात गेली.

क्लीनर, बूस्टर, रजिस्ट्री दुरुस्त करणारे प्रोग्राम यांच्या नादी लागू नका, ते स्वतःच स्टार्टअपमध्ये, म्हणजे लॅपटॉप लावल्यावर आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत, येऊन बसतात. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधून नको ते बंद करा, सी ड्राइव्ह थोडा मोकळा ठेवा. एसएसडीला डिफ्रॅग, म्हणजे विखुरलेले तुकडे एका जागी आणणं, लागत नाही.

मग आला ऑक्टोबर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा इंटेल आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आईच्या लॅपटॉपमध्ये दोन्ही नाही. जुगाड करून ११ घालतात लोक, पण आई त्यावर बँकेचंही बघते, मला ते पटलं नाही. एक वर्षाचे जादा अपडेट मिळत होते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे, तेवढे घेतले आणि दरम्यान विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालवून आईला दाखवायला लागलो. पेनड्राइव्हवरून चालवताना काही पुसलं जात नाही, आवाज, कॅमेरा, वायफाय सगळं आधी तपासता येतं. आईची एकच अट होती, कृतीदेवच्या फाइली उघडल्या पाहिजेत. घरच्या फोल्डरमध्ये डॉट-फॉन्ट्स नावाचा फोल्डर करून त्यात ते फॉन्ट टाकले, लिबरऑफिसमध्ये २०१७ ची सहामाहीची प्रश्नपत्रिका उघडली, आणि आई प्रमेयाचा प्रश्न वाचता वाचता म्हणाली, "अरे, यात आकृती चुकली होती तेव्हा". आता आठवड्यातून दोन क्लास ती मिंटवर घेते.

हे ऐकून शेजारच्या काकू आपला लॅपटॉप घेऊन आल्या. छोटा, हलका, २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी, म्हणजे मोबाइलसारखं चिपवरचं स्टोरेज. मागे उघडून बघितलं तर डिस्कची जागाच नाही, रॅम आणि स्टोरेज दोन्ही बोर्डालाच सोल्डर केलेली. विंडोजचा मोठा अपडेट आला तर तोसुद्धा त्यात मावत नाही. मी म्हटलं, "काकू, तुम्ही याच्यावर एक रुपयाही घालू नका." त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं, पण खोटी आशा दाखवून हजार-दोन हजार घालवायला लावणं बरोबर नाही. त्यांना ऑफिसातून निघालेला, नीट करून विकलेला रिफर्बिश्ड घ्यायला सांगितलाय, आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, म्हणजे विंडोज ११ पण चालेल. रविवारी दोघं मिळून बघायला जाणार आहोत, पेनड्राइव्हवर क्रिस्टलडिस्कइन्फो घेऊन.