गंजलेली एमजी-बी घेताना आधी दाराखालच्या सिल बघा, इंजिन नंतर

जुनी एमजी-बी, म्हणजे ती ब्रिटिश स्पोर्ट्स कार, विकायला निघाली की गिऱ्हाईक आधी बोनेट उघडतं, आणि इंजिन जाम आहे म्हटलं की मागं फिरतं. कोल्हापुरात तरी असं करू नका. जाम इंजिन हे भाव पाडायचं कारण आहे, गाडी सोडायचं नव्हे. हे १७९८ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजमधलं, आणि आपल्या अँबॅसिडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं. म्हणून अँबॅसिडर हाताळलेल्या मेस्त्रीला ते परकं नाही. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं सोडून आठवडाभर मुरू द्यायचं, मग क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, हातानं फिरवून बघायचा. स्टार्टर मारायचा नाही, पिस्टनच्या रिंगा तुटतात. तरी नाही सुटलं तर बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगसाठी आपल्या उद्यमनगरातले कारखाने आहेतच.

खरा खर्च पत्र्याचा. एमजी-बीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यात उघड्या गाडीला छप्परही नाही, म्हणून पुढचा आणि मागचा भाग जोडून धरायचं काम दाराखालच्या दोन सिलवर येतं. सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचं पॅनेल, मधला पडदा आणि आतली बाजू मिळून ती बंद पेटी होते. चाकानं उडवलेला चिखल आत साठतो, ओल सुटत नाही आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर रुपयाएवढा फुगवटा दिसला तर मधला पडदा बहुतेक संपलेला असतो. सडक्या सिलवर नवा पत्रा चढवून लांबी (पुट्टी) भरलेल्या गाड्या तर मी सरळ नाकारायला सांगेन. तिथं दुप्पट काम वाढतं.

बघायला जाताना लोहचुंबक, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर आणि जॅक न्या. चुंबक फडक्यात गुंडाळून सिलवर, चाकाच्या कमानीवर आणि दाराच्या खालच्या कडेवर फिरवा. जिथं तो धरत नाही तिथं लांबी आहे. मॅट उचलून फरशी बघा, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथं बसतात तिथं मालकाला विचारून टोचून बघा. मग दाराची फट. ती खाली रुंद आणि वर चिमटलेली असेल तर गाडी मधून बसली आहे. शेवटी जॅक पॉइंटला जॅक लावा. चाक उचलायच्या आधी पत्रा कुरकुरत आत गेला तर पुढचं बोलणं भंगाराच्या भावानं.

२०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर आपल्याकडं आणखी एक तपासणी हवीच. हेडलाइटच्या वाट्या, डॅशबोर्डची मागची बाजू आणि सीटच्या स्प्रिंगा बघा. धुतलेल्या गाडीतही तिथं बारीक गाळ राहतो. गाळ सापडला तर सगळं वायरिंग नवं धरा.

कागदांत आरसी बुकावरचे चॅसी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः जुळवा. ५० वर्षांहून जुनी गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. ‘व्हीए’ मालिकेचा नंबर, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही, आणि अशी गाडी रोज फिरवायला परवानगी नाही. कुणी डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर हा रस्ता बंद समजा.

घ्यायची ठरलीच, तर मेस्त्रीला तीन गोष्टी आधी कबूल करून घ्या. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचा आडवा टेका वेल्ड करायचा. दोन्ही सिल एकदम कापायच्या नाहीत. आणि नवा पत्रा, इथं १.२ मिलिमीटरचा, आधी नुसता टाके मारून धरायचा, दार लावून फट तपासायची, मगच मिग वेल्डिंगनं इंच-इंच टप्प्यात पुरा करायचा. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेनं पत्रा लाटा मारतो. पेटीच्या आत मेणाचा फवारा मारल्याशिवाय काम संपलं म्हणू नये.

पत्र्याला दसऱ्यानंतरच हात घाला. मृगाच्या आत एपॉक्सी प्रायमर बसलाच पाहिजे, कारण साधा प्रायमर पाणी पितो आणि आपल्या पावसात त्याच्याखाली नव्या पत्र्यालाही गंज धरतो.