ड्रायरची टकटक, फर्नेसची शिट्टी : माझा अनुभव

न्यू जर्सीत हिवाळाभर दारं-खिडक्या बंद, त्यामुळे ड्रायर (कपडे वाळवायचं यंत्र) आणि फर्नेसचा (घर ऊबदार ठेवणाऱ्या गरम हवेच्या भट्टीचा) बारीकसा आवाजही घरभर घुमतो. आमच्या टाउनहाउसमधल्या आवाजांचा माग काढताना मी आधी एवढंच टिपत गेलो, की आवाज कधी येतो.

ड्रायर बंद असताना वारा सुटला की टकटक होई. ती बाहेरच्या भिंतीवरच्या व्हेंटच्या, म्हणजे ड्रायरची गरम हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपच्या तोंडाच्या, झडपेची. ड्रायर सुरू करून बाहेर जाऊन पाहिलं. झडप पूर्ण उघडायला हवी, ती जेमतेम बोटभर उचलली जात होती. कडांना राखाडी लिंट (कपड्यांतून सुटलेले बारीक तंतू) ओल्या कापसासारखं चिकटलेलं. म्हणजे पाइप तुंबला होता, आणि झडप लिंटमुळे नीट मिटतही नव्हती. पक्षी शिरू नयेत म्हणून काही जण तिथे बारीक जाळी लावतात. ती लावूच नये, लिंट तिच्यावरच साचतं आणि आगीचा धोका वाढतो.

सफाईआधी प्लग काढायचा. ड्रायर गॅसवरचा असेल तर गॅसचा कॉकही बंद करायचा. ४ इंची गोल ब्रश आणि एकमेकींत पिळून बसणाऱ्या लवचीक दांड्या ड्रिलला लावल्या. ड्रिल फक्त घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचं. उलट फिरवलं की दांड्यांचे आटे सुटतात आणि ब्रश भिंतीतच राहतो. दोन-तीन फूट आत घालून बाहेर काढायचा, लिंट झटकायचं, मग पुढे जायचं. एका दमात रेटला तर लिंट वळणावर ठासून बसतं.

ड्रायर चालू असतानाची घरघर मात्र मागच्या फॉइलच्या नळीची निघाली. ड्रायर भिंतीला टेकवताना ती चेपली होती. तिच्या वळ्यांत लिंट अडकतं आणि हवा कोंडली की ती थरथरते. तिथे गुळगुळीत, कडक अॅल्युमिनियमचा पाइप घातला. जोडांवर स्क्रू मारले नाहीत, कारण आत आलेल्या टोकांना लिंट लटकतं. कापडी डक्ट टेप उष्णतेने सुटते, म्हणून फॉइल टेप लावली. पाइपची लांबी साधारणपणे ३५ फुटांपर्यंत चालते, पण ९० अंशांच्या प्रत्येक वळणामागे त्यातले ५ फूट वजा करायचे. हे गणित बरेच जण विसरतात, आणि ड्रायर पुन्हा तुंबतो.

फर्नेसची शिट्टी शोधणं त्यामानाने सोपं गेलं. थर्मोस्टॅटवर नुसता पंखा चालू केला, बर्नर बंद. तरी शिट्टी येतेच, म्हणजे दोष हवेच्या वाटेत. फिल्टर अर्धा मिनिट काढला, शिट्टी थांबली. १ इंच जाडीचा, मर्व्ह १३ चा दाट फिल्टर हवा अडवत होता (मर्व्ह हा फिल्टर किती बारीक धूळ अडवतो ते सांगणारा आकडा). त्याजागी मर्व्ह ८ चा बसवला आणि रिकाम्या खोल्यांची बंद केलेली रजिस्टरं (गरम हवा खोलीत सोडणाऱ्या झडपांच्या जाळ्या) उघडली. फिल्टरशिवाय फर्नेस चालवत राहू नये, धूळ थेट पंख्यावर जाते.

फर्नेस सुरू होताना किंवा थांबताना डक्टचा (हवा खोल्यांपर्यंत नेणाऱ्या नळाचा) पत्रा 'टण' वाजतो, तो तापून-निवून हलतो म्हणून. त्याने बिघडत नाही. पण बर्नर पेटतानाच 'धप्प' असा आवाज आला तर गॅस साचून उशिरा पेटतोय. तिथे स्वतः हात घालू नये, फर्नेस बंद करून लगेच तंत्रज्ञ बोलवावा. गॅसचा वास आला तर बटणांना हातही न लावता आधी सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडावं, फोन बाहेरून करावा.